मनिलाच्या गल्लीतला सिनेमा: कमी पैशातली डिजिटल फिल्म, टप्प्याटप्प्याने

फिलिपिनो दिग्दर्शक लाव डियाझ त्या दिवसाचे सीन त्या दिवसापुरते लिहितात. ब्रिलान्ते मेंडोझा नटांच्या हातात संवाद देत नाहीत. खाव्न दे ला क्रुझ यांनी एक फिल्म एका दिवसात शूट केली. फिलिपिनो डिजिटल सिनेमाबद्दलच्या या तीन गोष्टी फिल्म क्लबात बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात, आणि त्यातून सगळे एकच निष्कर्ष काढतात: कॅमेरा घ्या, गल्लीत शिरा, सुरू करा. मग काही दिवसांनी एडिटरच्या टेबलावर हार्ड डिस्क येते. संवाद ऐकू येत नाहीत, ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतायत आणि हिरोईनच्या कुर्त्याचा रंग सीनच्या मधोमध बदललाय.

तयारी त्या मंडळींनीही केलेली असते. ती पडद्यावर दिसत नाही, इतकंच. ती कुठे असते आणि कोणत्या क्रमाने करायची, ते इथे सांगतो. उदाहरणं फिलिपिन्समधली आहेत. महाराष्ट्रात शूट करताना जिथे आकडा किंवा नियम बदलतो, तिथे तसं लिहिलं आहे.

## १. कोणाची पद्धत घेताय, ते आधी ठरवा

‘फिलिपिनो स्टाइल’ अशी एक गोष्ट नाही. निदान तीन वेगवेगळे रस्ते आहेत.

डियाझ यांचा रस्ता म्हणजे स्थिर कॅमेरा, रुंद चौकट, बहुतेक वेळा कृष्णधवल आणि बराच काळ न तुटणारा शॉट. मेंडोझा यांचा रस्ता म्हणजे हातातला कॅमेरा, खरी जागा आणि एका दिवसात किंवा एका रात्रीत संपणारी गोष्ट. तिसरा रस्ता जॉन टोरेस यांच्यासारख्यांचा. त्यांच्या ‘तोदो तोदो तेरोस’ (२००६) या फिल्मचं बरंचसं साहित्य आधीच साठलेल्या खासगी चित्रीकरणातलं होतं. गोष्ट नंतर एडिटच्या टेबलावर तयार झाली.

प्रत्येक रस्त्यावर टोल आहे, फक्त नाका वेगळ्या ठिकाणी आहे. डियाझ यांच्या पद्धतीत तो नटांच्या तालमीत आणि थांबण्यात भरावा लागतो, मेंडोझांच्या पद्धतीत संशोधनात आणि गर्दीच्या नियोजनात, टोरेस यांच्या पद्धतीत एडिटच्या महिन्यांत. लोक काय करतात, तर मेंडोझांचा हलता कॅमेरा, डियाझांची लांबी आणि टोरेस यांचं स्क्रिप्ट नसणं, असं एकत्र कालवतात. हाती येते तीन तासांची हलणारी फिल्म, आणि ती सावरायला एडिटमध्ये महिने काढायची कुणाची तयारी नसते.

सावधान: खाव्न यांची एका दिवसातली ‘स्क्वाटरपंक’ (२००७) सगळे दाखल्यासाठी वापरतात. त्या फिल्मला संवादच नाहीत, तिला संगीत पुढे नेतं. सिंक साउंड (चित्राबरोबरच रेकॉर्ड होणारा आवाज) नाही, संवादांचे रीटेक नाहीत, म्हणून तो हिशोब जमला. तुमच्या गोष्टीत दोन माणसं बोलत असतील तर तो तुमच्या कामाचा नाही.

## २. जागा आधी, गोष्ट नंतर

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि नेमका हाच वगळला जातो.

‘सर्बिस’ (२००८) आणि ‘किनाताय’ (२००९) लिहिणारे आर्मान्दो ‘बिंग’ लाओ यांनी ‘सापडलेली गोष्ट’ ही पद्धत तिथल्या लेखकांना शिकवली. घरी बसून कथा रचायची आणि मग तिला शोभेल अशी जागा शोधायची, हे उलटं करायचं. एखाद्या जागेत जायचं, तिथली माणसं पोट कशी भरतात ते पाहायचं आणि तिथल्या नियमांतूनच पेच काढायचा. करायचं असं:

१. एकच जागा निवडा. ‘सर्बिस’ जवळजवळ संपूर्णपणे पाम्पांगा प्रांतातल्या आन्हेलेस शहरातल्या एका जुन्या थिएटरात घडते. ‘एक शहर’ ही जागा होत नाही. एक थिएटर, एक चाळ, एक बाजारओळ ही जागा.

२. तिथे कॅमेरा न घेता जा. वेगवेगळ्या वेळी जा, सुट्टीच्या दिवशी जा, पाऊस असताना जा.

३. पैसा कसा फिरतो ते विचारा. भाडं कोण गोळा करतं, उधारी कोणाकडे, हप्ता कोणाला? ‘मा रोसा’ (२०१६) या फिल्मचा सगळा ताण असा पैशाच्या वाटेवर उभा आहे. आईवडील पोलिसांच्या ताब्यात आहेत, आणि त्यांना सोडवायची रक्कम जमवायला मुलं शहरभर फिरतायत.

४. वही ठेवा, आणि तिच्यात मतं लिहू नका. वेळ, आवाज, उजेड आणि अडथळे लिहा.

टोंडोसारख्या मनिलाच्या दाट वस्तीतलं वहीचं एक पान साधारण असं दिसायला हवं (ताहो म्हणजे पाक घातलेला मऊ टोफू, बालूत म्हणजे बदकाचं उकडलेलं अंडं, व्हिडिओके म्हणजे कॅराओके, बूम म्हणजे लांब दांड्यावरचा माइक):

*पहाट: कोंबडे, झुंजीचे, प्रत्येक दोन घरांआड एक. थांबत नाहीत. सकाळ: ताहोवाला ओरडत येतो, त्याच्यामागे पोरं. ऊन गल्लीत फक्त दुपारी उतरतं, एरवी पत्र्यांची सावली. दुपारी बास्केटबॉल, चेंडू भिंतीवर आपटतो, ती भिंत आपल्या खोलीची. संध्याकाळी व्हिडिओके सुरू, मशीन तिसऱ्या घरात, मालकीण बोलायला बरी. रात्री बालूतवाला. वायरी डोक्याच्या उंचीवर लोंबतात, बूम उचलता येणार नाही.*

या पानावरून साउंडवाल्याला कळतं की बोलण्याचे सीन संध्याकाळी लावायचे नाहीत. कॅमेरामनला कळतं की दुपारचं ऊन त्याला किती वेळ मिळणार आहे. लेखकालाही व्हिडिओकेच्या मालकिणीत एक पात्र सापडतं.

डियाझ यांच्याबद्दलचा गैरसमजही इथेच मिटवू. ३० नोव्हेंबर २००६ रोजी रेमिंग वादळाने बिकोल भागात मायोन ज्वालामुखीच्या उतारावरचा चिखल गावांवर आणला. डियाझ तिथे कॅमेरा घेऊन गेले आणि त्यातून नऊ तासांची ‘डेथ इन द लँड ऑफ एन्कान्तोस’ (२००७) तयार झाली. ऐकायला अगदी उत्स्फूर्त वाटतं. पण तो भाग त्यांनी आधीच्या फिल्मांसाठी पायाखाली घातलेला होता. तो ओळखीचा होता म्हणूनच ते ऐनवेळी तिथे काम करू शकले.

तपासा: त्या जागेतली तीन माणसं तुम्हाला नावाने हाक मारतात का? नसतील मारत, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## ३. गोष्ट खर्चात बसवा

फिलिपिन्समधला ‘सिनेमालाया’ महोत्सव २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा निवड झालेल्या प्रकल्पाला ५,००,००० पेसोंचं अनुदान मिळायचं. पूर्ण लांबीच्या फिल्मसाठी ही रक्कम फारच थोडी. त्यात फिल्म बसवायची तर काटकसर कागदावरच करावी लागते, आणि ज्यांच्या फिल्मा निभावल्या त्यांनी ती तिथेच केली.

सगळ्यात मोठी बचत काळात आहे. एका दिवसाची गोष्ट म्हणजे प्रत्येक पात्राला एकच कपडा, एकच केशरचना, आणि घराचा एकच अवतार. ‘किनाताय’ सकाळी लग्नाने सुरू होते आणि रात्र संपताना संपते. अशा गोष्टीत कंटिन्युइटीचा, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं सारखं ठेवण्याचा, खर्च आपोआप उतरतो. दुसरी बचत अंतरात आहे. सगळी लोकेशन एकमेकांपासून चालत जाण्याच्या टप्प्यात ठेवा. टेम्पोत सामान चढवलं-उतरवलं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

कात्री कुठे लावायची नाही, तेही सांगून ठेवतो: आवाज, जेवण, हार्ड डिस्क. आपल्याकडे नेमकं याच तिघांवर पहिलं गंडांतर येतं. फिलिपिनो सेटवर मेरिएन्दा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं, कुणी चुकवत नाही. उपाशी युनिट चौथ्या टेकनंतर तुमचं ऐकणार नाही, मग दिग्दर्शक कितीही मोठा असो.

नेहमीची चूक: नेहमीसारखं स्क्रिप्ट लिहायचं, बारा लोकेशन, लग्नाचा सीन, रेल्वे स्टेशन, आणि मग ‘गनिमी पद्धतीने करू’ म्हणायचं. गनिमी काव्यातही किल्ला कोणता घ्यायचा हे आधी ठरलेलं असायचं.

## ४. परवानगी आणि माणसं

फिलिपिन्समध्ये स्थानिक कारभाराचं सगळ्यात खालचं एकक म्हणजे बारांगाय. त्याचा निवडून आलेला कप्तान असतो आणि गस्त घालणारे तानोद असतात. छोट्या युनिटला वस्तीत काम करायचं तर पहिलं दार हेच. शहराची परवानगी हातात असली तरी कप्तानाला न भेटता वस्तीत उतरलात, तर दुपारपर्यंत काम थांबतं. आपल्याकडे त्या जागी सरपंच असेल, सोसायटीचा सेक्रेटरी असेल नाहीतर मंडळाचा अध्यक्ष. लेखी परवानगी आणि तोंडओळख, दोन्ही लागतात.

चेहरा ओळखू येईल अशा प्रत्येकाची सही घ्या, तीही त्याच दिवशी. फिल्म महोत्सवात गेल्यावर गल्लीतल्या माणसाला शोधत फिरणं हे काम कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मुलं असतील तर नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. फिलिपिन्समध्ये १५ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ४ तास, आठवड्याला २० तास काम करता येतं, रात्री ८ ते सकाळी ६ मनाई असते, आणि कामगार खात्याचा परवाना लागतो. भारतात बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांची मर्यादा आहे, सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि मोबदल्याचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. शेड्यूल या तासांवरून बनवा. आधी शेड्यूल बनवून मग तास कोंबायला गेलात तर जमणार नाही.

स्थानिक माणसांना नट म्हणून घेताय? जिम लिबिरान यांनी ‘त्रिबु’ (२००७) टोंडोतल्या खऱ्या टोळ्यांमधल्या तरुणांना घेऊन केली. ते तरुण रॅप करायचे, आणि ते रॅपच फिल्मचा कणा झालं. त्यांना जे मुळात येतं तेच करू दिलं. रोज भाजी विकणाऱ्या बाईला कॅमेऱ्यासमोर भाजी विकायला सांगा, ती सहज विकेल. तिलाच ‘हताश होऊन खिडकीतून बघा’ म्हणालात तर ती तुमच्याकडेच बघत राहील. आणि मोबदला द्या. ‘एक्स्पोजर’वर कुणाची चूल पेटत नाही.

## ५. नटाकडे स्क्रिप्ट नसतं, दिग्दर्शकाकडे असतं

मेंडोझांच्या पद्धतीचा हा भाग लोक अर्धाच ऐकतात. फिल्म लिहिलेली असते. नटाला सीनची परिस्थिती सांगितली जाते, संवाद दिले जात नाहीत. हे करायचं तर तालमीआधी प्रत्येक पात्रासाठी एक चिठ्ठी लिहा, तीनच ओळींची:

- या सीनमध्ये मला काय हवंय.
- मला काय माहीत आहे.
- मला काय माहीत नाही.

तिसरी ओळ समोरच्याला दाखवायची नाही. सीनमधला जिवंतपणा तिच्यातून येतो. दिग्दर्शकाजवळ मात्र सीनमध्ये काय घडलंच पाहिजे त्याची यादी हवी: पैसे हातात पडले, दार लागलं, नाव उच्चारलं गेलं. या खुणा झाल्या नाहीत तर टेक वाया, मग अभिनय कितीही सुंदर झालेला असो.

डियाझ दिवसाचे सीन दिवसापुरते लिहू शकतात, कारण त्यांच्याभोवती वर्षानुवर्षं तीच माणसं आहेत. हेझल ओरेन्सिओ त्यांच्या फिल्मांत अभिनय करतात आणि असिस्टंट डायरेक्शनही सांभाळतात. आदल्या आठवड्यात ऑडिशन घेतलेल्या नटांबरोबर हा प्रयोग करू नका.

## ६. कॅमेरा: घेण्याआधी तपासणी

इथे एक गोष्ट कळली तर बाकीचं बरंच सुटतं. २००० नंतरच्या त्या फिल्मांना वापरले गेलेले पॅनासॉनिक डीव्हीएक्स १०० सारखे डीव्ही कॅमेरे लहान सेन्सरचे होते, एक तृतीयांश इंचाचे. लहान सेन्सरमुळे जवळचं-लांबचं बहुतेक सगळं फोकसमध्ये राहायचं. नट गल्लीत कुठेही वळला तरी चालायचं. आज लोक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि १.४ ची लेन्स घेऊन तीच गल्ली शूट करायला जातात, आणि नट अर्धा फूट सरकला की तो फोकसमधून गेलेला असतो. उत्स्फूर्त अभिनय हवा असेल तर रुंद लेन्स लावा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ५.६ ते ८ वर ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा. थोडं ग्रेन आलं तर येऊ द्या.

विजेची फ्रीक्वेन्सी. फिलिपिन्समध्ये वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५० ची. तिकडच्या किंवा अमेरिकन व्हिडिओवरून शटर १/६० ठेवलंत तर आपल्या ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतील. इथे २४ किंवा २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा, जास्त हवं तर १/१००. तिकडे १/६० किंवा १/१२०. स्वस्त एलईडी बल्ब या गणितात बसत नाहीत. लोकेशनवरचा प्रत्येक बल्ब लावून मिनिटभर रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा. जो लुकलुकेल तो बदला.

फ्रेम रेट. २४ की २५ ते पहिल्या दिवसाआधी ठरवा, आणि दोन कॅमेरे असतील तर दोन्हीवर तोच ठेवा. २३.९७६ आणि २४ हे एकच समजू नका. तो फरक दहा मिनिटांच्या शॉटमध्ये ०.६ सेकंद होतो, आणि ओठ-आवाज जुळत नाहीत हे कळायला तेवढं पुरेसं आहे.

लांब टेक. ३५ मिमीच्या १००० फुटी रिळात साधारण ११ मिनिटं मावायची, मिनी डीव्हीच्या टेपवर ६०. डियाझ यांचा काळ या फरकातून मोकळा झाला. पण अनेक स्टिल कॅमेरे, विशेषतः जुने, २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग थांबवतात, आणि मेच्या उन्हात त्याआधीच तापून बंद पडू शकतात. भाड्याने घ्यायच्या आधी उन्हात ठेवून पूर्ण लांबीचा टेक घेऊन बघा.

कृष्णधवल. पिवळा बल्ब, निळी ट्यूब, हिरवट एलईडी एकाच खोलीत असतील तर कृष्णधवल मोठी सोय आहे. मात्र मॉनिटर पहिल्या दिवसापासून कृष्णधवल ठेवा. रंगीत मॉनिटरवर लाल साडी आणि हिरवी भिंत सुरेख वेगळी दिसते, रंग काढले की दोन्ही एकाच करड्या रंगाची होतात.

## ७. आवाज

‘सर्बिस’ बघितलेल्या माणसाला त्यातली रहदारी आठवते. थिएटरच्या आत बोलणं चाललंय आणि बाहेरचा रस्ता सतत आत शिरतोय. हे ऐकून अनेकजण कॅमेऱ्याच्या माइकवर भागवतात, ‘रॉ वाटतं’ म्हणून. मिक्समध्ये गोंगाट किती ठेवायचा हे ठरवायचं असेल तर संवाद आणि गोंगाट वेगवेगळे हातात हवेत. एकाच ट्रॅकवर चिकटलेले असतील तर कोणताही साउंड डिझायनर ते नीट सोडवून देऊ शकणार नाही.

क्रम असा ठेवा:

१. बोलणाऱ्या प्रत्येकाला लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक. सुती कपड्याच्या आत टेपने बसवा; सिंथेटिक कपडा खसखसतो.

२. बूम असतोच. वायरींमुळे वरून जमत नसेल तर खालून, कमरेच्या उंचीवरून, माइक वर तोंडाकडे रोखून.

३. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास. ओरडण्याचा सीन असेल तर आणखी खाली.

४. क्लॅप सुरुवातीला आणि शेवटीही. पंधरा-वीस मिनिटांच्या टेकमध्ये कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं हळूहळू सरकतात. शेवटचा क्लॅप असेल तर किती सरकली ते कळतं.

५. प्रत्येक जागेचा एक मिनिट निव्वळ एम्बियन्स (कुणी न बोलता जागेचा आवाज), युनिट हलण्याआधी. सगळे दमलेले असतात, पॅकअपची घाई असते, म्हणून हाच राहतो. असिस्टंटच्या यादीत तो ‘शॉट’ म्हणून लिहा.

६. ‘वाइल्ड’ आवाज, म्हणजे चित्राशिवायचे सुटे आवाज, वेगळे घ्या: कोंबडा, ताहोवाल्याची हाक, लांबून येणारा व्हिडिओके, जीपनीचं (तिथल्या प्रवासी गाडीचं) ब्रेक मारणं.

व्हिडिओकेबद्दल एक इशारा. तिथे वाजणारं गाणं कुणाच्या तरी मालकीचं असतं, आणि ते संवादाच्या मागे रेकॉर्ड झालं की संवाद ठेवून गाणं काढता येत नाही. महोत्सवात कदाचित खपेल, विक्रीच्या वेळी वकील अडवतो. मालकिणीला चहापाणी करा आणि सीनपुरतं मशीन बंद ठेवायला सांगा.

तपासा: पहिल्या दिवशी पहिल्या सीननंतर सगळ्यांनी थांबून हेडफोनवर टेक ऐका. दिग्दर्शकानेही.

## ८. शूटचा क्रम

घटनाक्रमानेच शूट करा. मेंडोझा शक्यतो गोष्टीच्या क्रमाने जातात. नटाला पुढचं माहीत नसलं की तो ते आधीच चेहऱ्यावर आणत नाही, आणि दमणं खरं दिसतं. एका जागेची, एका दिवसाची गोष्ट असल्यामुळे हे परवडतं. तिसरा टप्पा नीट केला असेल तरच.

हातातल्या कॅमेऱ्याचा लांब शॉट असा बसवा. समजा बाई गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत चालत जाते, वाटेत दोघांशी बोलते, दार उघडते. आधी कॅमेराशिवाय दिग्दर्शकाने ती वाट चालायची. मग नटी आणि कॅमेरामन, रिकाम्या हाताने. मग बूमवाला मागे, त्याच्या कमरेला धरून चालणारा एक जण, कारण बूमवाल्याला पायाखालचं दिसत नाही. डबकी बुजवा, लोंबत्या वायरी बांधा, कपड्यांच्या दोऱ्या हलवा. वळणावर उजेड बदलतो तिथे एक थर्माकोल धरून माणूस उभा करा, आणि तो फ्रेमबाहेर कधी पळणार ते ठरवा. गल्लीतल्या लोकांना तालीम बघू द्या. एकदा बघून झाली की त्यांना कुतूहल उरत नाही, मग ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. यानंतर टेक.

पेपे दियोक्नो यांची ‘एन्क्वेन्त्रो’ (२००९) जवळजवळ एका सलग शॉटसारखी दिसते. असं काही करायचं असेल तर जोड कुठे लपवायचे ते तालमीतच ठरवा: अंधारा कोपरा, जवळून जाणारी पाठ, बंद होणारं दार. एडिटमध्ये ते शोधायला गेलात तर सापडत नाहीत.

स्थिर लांब शॉटची अडचण वेगळी. चौकटीत एकामागे एक तीन खोल्या मावतील इतकं खोलवर अंतर हवं, म्हणजे माणूस लांबून जवळ येऊ शकेल. सपाट भिंतीसमोर दहा मिनिटं धरलेला शॉट नुसता लांब होतो.

तास आणि सुरक्षा. २०१९ मध्ये ज्येष्ठ फिलिपिनो नट एडी गार्सिया एका मालिकेच्या सेटवर वायरीत पाय अडकून पडले आणि त्यातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा कायदा २०२४ मध्ये झाला. त्यानुसार दिवसाला ८ तास सामान्य काम, जास्तीत जास्त १४, आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा. छोट्या युनिटने तर हे आणखी काटेकोर पाळायला हवं, कारण तिथे एकच माणूस तीन कामं करत असतो. जमिनीवरची प्रत्येक वायर टेप केलेली किंवा कडेने नेलेली, हे पहिला शॉट लागण्याआधी कुणीतरी नावानिशी तपासायचं.

पाऊस. नैऋत्य मान्सून, तिकडचा हाबागात, साधारण जून ते सप्टेंबर असतो, आपल्यासारखाच. मेंडोझांच्या ‘लोला’ (२००९) मध्ये मालाबोनचं साचलेलं पाणी हे जणू एक पात्रच आहे. पाऊस हवा असेल तर गोष्टीत घ्या. नको असेल तर त्या महिन्यांत जाऊच नका. ‘बघू, उघडीप मिळेल’ हे शेड्यूल नव्हे.

## ९. डेटा

१०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी होतात. दिवसाला तीन तास रशेस (कच्चं चित्रीकरण) धरले तर १३५ जीबी, बारा दिवसांचे दीड टीबीहून जास्त, आणि हे एका कॉपीचं. दोन डिस्क सेटवर वेगवेगळ्या बॅगांत, तिसरी रोज रात्री दुसऱ्याच्या घरी. दोन कॉपी उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हे काम दिग्दर्शकाने करू नये, रात्री बारा वाजता त्याच्या हातून चुकीचं कार्ड पुसलं जातं.

## १०. एडिट

पहिला नियम: सगळे रशेस पूर्ण बघा. उत्स्फूर्त पद्धतीत ‘ओके टेक’ची यादी फसवी असते. सगळ्यात खरा क्षण अनेकदा ‘कट’ म्हटल्यानंतरच्या दहा सेकंदांत असतो.

दुसरा: लांबीचा निर्णय शेवटी घ्या. डियाझ स्वतःच एडिट करतात, आणि त्यांच्या फिल्मांची लांबी हे त्यांच्या सिनेमाचं गणित आहे. ‘मुला सा कुंग आनो आंग नून’ (२०१४) ३३८ मिनिटांची, ‘आंग बाबाएंग हुमायो’ (२०१६) २२६ मिनिटांची. तुमची पहिली फिल्म ९० मिनिटांत सांगता येत असेल तर ९० मिनिटांतच सांगा. लांब शॉट ठेवायचा की नाही, त्याची माझी कसोटी साधी आहे: शॉटच्या उत्तरार्धात असं काही कळतं का, जे पूर्वार्धात कळलं नव्हतं? कळत नसेल तर कापा, मग तो घ्यायला कितीही त्रास पडलेला असो.

तिसरा: आवाजाचा एडिट चित्र लॉक झाल्यावर सुरू करा. चित्र रोज बदलत असताना साउंडवाल्याकडे फाइल पाठवणारे दिग्दर्शक दुप्पट पैसे देतात आणि कुरकुरही करतात.

नेहमीची चूक: हलत्या कॅमेऱ्याच्या फुटेजला सॉफ्टवेअरने स्थिर करणं. चौकट कापली जाते, कडा लाटांसारख्या हलतात, आणि कॅमेरामनच्या श्वासाचा जो परिणाम हवा होता तोच जातो.

## ११. बाहेर पाठवण्याआधी

सबटायटल. फिलिपिनो फिल्मा टागालोग, सेबुआनो, बिकोल अशा अनेक भाषांत होतात. देशातही एका भागातल्या फिल्मला दुसऱ्या भागात सबटायटल लागतात, म्हणून हे काम ते शेवटच्या रात्रीवर टाकत नाहीत. ओळ दोनपेक्षा जास्त नको, आणि शिवीला शिवीच हवी. मालवणी किंवा वऱ्हाडी फिल्म करणाऱ्यांनी दोन सबटायटल फाइल करून ठेवाव्यात, प्रमाण मराठी आणि इंग्रजी.

डीसीपी, म्हणजे थिएटरला द्यायची डिजिटल प्रत. थिएटरसाठी २४ फ्रेम सगळ्यात सुरक्षित. २५ ला शूट केलेली फिल्म २४ ला चालवली तर ९० मिनिटांची ९३ मिनिटं ४५ सेकंद होते आणि आवाजाचा सूर खाली येतो, तो दुरुस्त करून घ्या. फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८० पिक्सेल, जास्त रुंद स्कोप चौकट २०४८ बाय ८५८. संवाद मधल्या स्पीकरवर हवेत. नुसता स्टिरिओ पाठवलात तर कडेच्या खुर्चीवरल्या माणसाला सगळे संवाद एकाच बाजूने येतात.

प्रमाणपत्र. फिलिपिन्समध्ये सार्वजनिक प्रदर्शनासाठी एमटीआरसीबी या तिथल्या सेन्सॉर मंडळाचं वर्गीकरण लागतं, भारतात सेन्सॉर बोर्डाचं. महोत्सवांची सूट वेगळी असते. ती प्रत्येक ठिकाणी आपोआप लागू होते असं धरून चालू नका, आयोजकांकडून लेखी घ्या.

प्रीमियर. मोठे महोत्सव जागतिक किंवा आंतरराष्ट्रीय प्रीमियर मागतात. फिल्म यूट्यूबवर टाकली, अगदी ‘मित्रांना बघायला’ म्हणून दोन दिवस जरी उघडी ठेवली, तरी तो हक्क जाऊ शकतो. पासवर्ड असलेली लिंक द्या, प्रत्येक महोत्सवाला वेगळा पासवर्ड, म्हणजे कोणी उघडून बघितली आणि कोणी नुसतीच फी घेतली तेही कळतं. आधी ज्या महोत्सवाला पहिला हक्क हवा तिथे पाठवा, त्यांचं उत्तर येईपर्यंत बाकीच्यांचे अर्ज भरून तयार ठेवा, आणि अर्जाची शेवटची तारीख त्यांच्या वेळेनुसार आहे की आपल्या, ते नीट बघा.